१६ मिमी लॅटरलवर चार कॅमेरे: ट्रिगर एकच, फोटो मात्र जुळत नाहीत

ठिबकवाला_१६मिमी (धागाकर्ता)

जळगाव एमआयडीसीतल्या एका लॅटरल लाइनवर (ठिबक सिंचनाची नळी बनते तिथे) कॅमेऱ्याने भोक-तपासणी बसवतोय. सगळी माहिती आधीच देतो, म्हणजे मागाहून विचारायला नको.

नळी १६ मिमी, काळी, आत चपटा ड्रिपर (पाणी थेंबाथेंबाने सोडणारा तुकडा), त्यावर पंचिंग मशीन भोक पाडतं. दोन ड्रिपरमधलं अंतर ४० सेंमी, काही ऑर्डरला ३० सेंमी. वेग १२० मीटर प्रति मिनिट. पंचिंगपासून ६०० मिमी पुढे चार कॅमेरे, नळीभोवती ९०-९० अंशांवर. कॅमेरे ५ मेगापिक्सेल मोनो, २४४८ × २०४८, ग्लोबल शटर (पूर्ण चौकट एकाच क्षणी टिपणारं), गिगई (गिगाबिट नेटवर्कवरून फोटो), पीओई (वीजही त्याच नेटवर्क केबलमधून). चौकटीत नळीची ६० मिमी लांबी येते. चारही कॅमेरे एका साध्या ८ पोर्टच्या पीओई स्विचवर आणि तिथून एकच केबल पीसीला.

ट्रिगर, म्हणजे फोटो काढण्याचा इशारा, असा: पंचिंग मशीनचा सिग्नल पीएलसीला (मशीन चालवणारा कंट्रोलर), पीएलसीत ३०० मिलीसेकंदाचा ऑन-डिले टायमर, पुढे पीएलसीच्या रिले आउटपुटमधून चारही कॅमेऱ्यांना समांतर.

त्रास तीन. भोक कधी चौकटीच्या मधोमध, कधी कडेला, कधी गायबच. तास-दोन तासांनी कॅमेरा ३ चा फोटो बाकी तिघांपेक्षा एका ड्रिपरने मागे पडतो. आणि मधूनच फोटो अर्धवट येतो, खालचा भाग काळा.

चोवीस_व्होल्ट

आधी रिले काढा. बाकीचं नंतर बोलू.

१२० मीटर प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला २ मीटर. १ मिलीसेकंद इकडेतिकडे झाला की भोक २ मिमी सरकलं. रिलेचा संपर्क मिटायला काही मिलीसेकंद लागतात, तेही दर वेळी सारखे नाहीत, आणि मिटताना तो उड्या मारतो. एका पंचला कॅमेऱ्याला दोन कडा (सिग्नल चालू-बंद होण्याचे क्षण) दिसू शकतात. शिवाय सेकंदाला ५ वेळा म्हणजे तासाला १८,०००, तीन पाळ्यांत ४ लाख ३२ हजार वेळा. छोट्या रिलेचं आयुष्य लाखांतच मोजतात. आठवड्याला रिले बदलत बसाल.

ट्रान्झिस्टर आउटपुट घ्या, पीएनपी जातीचं (चालू झालं की +२४ बाहेर देणारं). कॅमेऱ्याचं ऑप्टो इनपुट (उजेडातून सिग्नल देऊन दोन सर्किट वेगळी ठेवणारं) २४ व्होल्टवर साधारण ५ ते १५ मिलीअँप खातं. चार कॅमेऱ्यांचे फार तर ६० झाले. पीएलसीच्या ट्रान्झिस्टर बिंदूला एवढा भार म्हणजे काहीच नाही, मध्ये वेगळा अँप्लिफायर नको.

वायरिंग: आउटपुटपासून चार स्वतंत्र जोड्या, प्रत्येक कॅमेऱ्याच्या ऑप्टो इनपुटला आणि ऑप्टो ग्राउंडला. चारही ऑप्टो ग्राउंड त्याच २४ व्होल्ट सप्लायच्या शून्याला. हे ग्राउंड कॅमेऱ्याच्या पॉवर ग्राउंडला जोडू नका. जोडलंत तर ऑप्टो असून नसल्यासारखा.

वरणबट्टी

एनपीएन आउटपुटच (चालू झालं की शून्याला जोडणारं) हाताशी असलं तर?

चोवीस_व्होल्ट

चालतं, पण वायर उलटी. +२४ ऑप्टो इनपुटला आणि एनपीएनचं आउटपुट ऑप्टो ग्राउंडला. ट्रान्झिस्टर चालू झाला की ऑप्टोतून करंट वाहतो, चढती कड मिळते. पुल-अप (सिग्नल वर ओढून ठेवणारा रोध) लावून उतरती कड वापरण्यापेक्षा हे बरं, कारण ऑप्टो चालू पटकन होतो, बंद सावकाश होतो. चालू व्हायला काही मायक्रोसेकंद, बंद व्हायला त्याच्या कित्येक पट. शिवाय प्रत्येक नगात थोडा फरक.

यातली मेख: बासलर कंपनीच्या एस (ace) कॅमेऱ्यात ६ पिनच्या कनेक्टरवर २ नंबर ऑप्टो इनपुट, ४ नंबर ऑप्टो आउटपुट आणि ५ नंबर दोघांचं सामाईक ग्राउंड. आउटपुटवरून स्ट्रोब (फोटोपुरता क्षणभर चमकणारा लाइट) चालवायचा असेल तर एनपीएनच्या उलट्या वायरिंगमध्ये स्ट्रोबचं ग्राउंडही तुमच्या ट्रान्झिस्टरसोबत तरंगायला लागतं. म्हणून पीएनपी. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा असेल तर पिनचा तक्ता त्याच्याच मॅन्युअलमधून, नेटवरच्या चित्रावरून नाही.

आणि त्याच कनेक्टरवर जीपीआयओ नावाची बिनऑप्टोची पिन असते, ती ३.३ किंवा ५ व्होल्टच्या सिग्नलसाठी. तिला २४ व्होल्ट दिले की ती पिन गेली, कधी कधी कॅमेराही.

पांझराकाठ

रिले बदलला तरी भोक गायब होणं थांबणार नाही, कारण दोष टायमरच्या मुळात आहे.

पंच ते कॅमेरा ६०० मिमी. २ मीटर वेगाला ३०० मिलीसेकंद, तुमचा हिशेब बरोबर आहे. पण ड्रिपर येतोय दर २०० मिलीसेकंदांनी. म्हणजे पहिल्या ड्रिपरचा टायमर संपायच्या आधीच दुसरा पंच होतो. एकाच टायमरवर हे चाललं की दुसरा पंच एकतर गिळला जातो, नाहीतर टायमर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. पंच आणि कॅमेरा यांच्या मध्ये कायम एक किंवा दोन ड्रिपर प्रवासात असतात, त्यांची रांग ठेवावी लागते.

दुसरं, वेळेवर मोजूच नका. रोल बदलताना वेग ६० वर आला की तेच ३०० मिलीसेकंद म्हणजे फक्त ३०० मिमी. भोक अजून अर्ध्या वाटेत आणि फोटो काढून मोकळे.

मापन चाक आणि एन्कोडर (चाक फिरेल तशा पल्स देणारा सेन्सर) लावा. २०० मिमी परिघाचं चाक, १००० पल्सचा एन्कोडर, म्हणजे एक पल्स ०.२ मिमी. ६०० मिमी म्हणजे ३००० पल्स. पंच झाला की त्या क्षणाचा काउंट अधिक ३००० हा आकडा रांगेत टाकायचा. काउंटर रांगेतल्या पहिल्या आकड्याला पोहोचला की ५०० मायक्रोसेकंदाची पल्स सोडायची, आकडा काढून टाकायचा, पुढचा आकडा समोर. वेग बदलो, लाइन थांबो, पुन्हा चालू होवो, भोक त्याच जागी दिसेल.

२ मीटरला एन्कोडरची वारंवारता १० किलोहर्ट्झ. ए आणि बी दोन्हींच्या चारही कडा मोजल्या तर ४० किलोहर्ट्झ, म्हणजे दर २५ मायक्रोसेकंदांना एक. आर्दुइनो उनोच्या इंटरप्टवर हे जेमतेम, मधेच सिरीयलवर काही छापलं की काउंट सुटतात. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरच्या टायमरचा एन्कोडर मोड वापरा, तिथे मोजणी हार्डवेअरच करतं. पीएलसीतच करायचं असेल तर हाय-स्पीड काउंटर आणि त्याच्या कंपेअर इंटरप्टमधून थेट आउटपुट. साध्या लॅडरमध्ये (पीएलसीच्या नेहमीच्या प्रोग्राममध्ये) लिहिलं तर स्कॅन टाइम (प्रोग्रामच्या एका फेरीचा वेळ) आडवा येतो: १० मिलीसेकंद स्कॅन म्हणजे २० मिमीची ढिलाई. तुमचं भोक "कधी मधोमध, कधी कडेला" जाण्यात निम्मा वाटा याचाच असणार.

ठिबकवाला_१६मिमी

नळी कूलिंग टँकमधून ओली येते. चाक घसरणार नाही का?

पांझराकाठ

घसरतं. चाकाच्या आधी एअर वाइप (हवेच्या झोताने पाणी उडवणारं साधन) लावा, चाकाला रबरी कडं आणि वरून स्प्रिंगचा दाब. तोच एअर वाइप कॅमेऱ्यालाही लागणार आहे, कारण काळ्या नळीवरचा थेंब लाइटमध्ये पांढरा चमकतो आणि भोकासारखाच दिसतो.

रबर झिजतं तेही लक्षात ठेवा. २०० मिमी परिघाचा व्यास ६३.७ मिमी. व्यास अर्धा मिमी कमी झाला तर परिघ १.६ मिमीने घटतो, आणि ६०० मिमीच्या अंतरात भोक पावणेपाच मिमी सरकतं. ६० मिमीच्या चौकटीत एवढं खपेल, पण ३००० हा आकडा प्रोग्राममध्ये पक्का गाडू नका, स्क्रीनवरून बदलता येईल असा ठेवा.

शेवभाजी

एवढा खटाटोप कशाला भो? एका कॅमेऱ्याला ट्रिगर द्या, त्याचं एक्स्पोजर-ॲक्टिव्ह आउटपुट (शटर उघडं असेपर्यंत चालू राहणारं) पुढच्याला, त्याचं त्याच्या पुढच्याला. मास्टर-स्लेव्ह. वायर कमी.

चोवीस_व्होल्ट

वायर कमी, डोकेदुखी जास्त. कॅमेऱ्याचं ऑप्टो आउटपुट बहुधा ओपन कलेक्टर असतं, पुल-अप लागतो. पुल-अप मोठा घेतला तर कड आळसावते, दर टप्प्याला दहा-वीस मायक्रोसेकंदांची भर पडते. एकवेळ तेही सोडा. मोठा दोष वेगळा आहे: पहिल्या कॅमेऱ्याने एखादा ट्रिगर गिळला तर चौघेही गिळतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. दुसऱ्याने गिळला तर तिसरा-चौथा उपाशी. दोन कॅमेऱ्यांच्या स्टिरिओ जोडीला मास्टर-स्लेव्ह ठीक आहे. चौघांना बाहेरून एकच सिग्नल, समांतर.

वरणबट्टी

इथे सगळे "एकाच वेळी" म्हणताहेत, पण या कामाला एकाच वेळी लागतच नाही. एकाच ड्रिपरचे चार फोटो एकत्र यायला हवेत, बस. उलट चारही कॅमेरे एका क्षणाला उडवले तर समोरासमोरच्या जोडीत एकाचा लाइट दुसऱ्याच्या लेन्समध्ये घुसतो. १६ मिमीची नळी किती अडवणार?

१ आणि ३ समोरासमोर, २ आणि ४ समोरासमोर धरा. १ व २ ला ट्रिगर डिले शून्य, ३ व ४ ला १०० मायक्रोसेकंद. एक्स्पोजर ५० मायक्रोसेकंद असेल तर दोन्ही जोड्या एकमेकींच्या उजेडाबाहेर राहतात. १०० मायक्रोसेकंदात नळी ०.२ मिमी सरकते. तुमचा पिक्सेल ६० भागिले २४४८, म्हणजे ०.०२४५ मिमी. फरक ८ पिक्सेलचा, सॉफ्टवेअरमध्ये वजा करा नाहीतर सोडून द्या.

५० मायक्रोसेकंदात हलतानाचा धूसरपणा ०.१ मिमी, चार पिक्सेल. भोक आहे की नाही एवढंच बघायचं तर चालेल. भोकाची कड, बर (कडेला उरलेलं प्लॅस्टिक), अर्धवट पंच हे बघायचं असेल तर १० ते १२ मायक्रोसेकंदांवर या, मग धूसरपणा एका पिक्सेलच्या आत येतो. तेवढ्यात पुरेसा उजेड साध्या बार लाइटने मिळत नाही. स्ट्रोब कंट्रोलर घ्या आणि तो कॅमेऱ्याच्या एक्स्पोजर-ॲक्टिव्ह आउटपुटवरून चालवा, पीएलसीवरून नको. मग उजेड शटरच्या मागेच राहतो, डिले बदलला तरी वेगळी जुळवाजुळव नाही.

सेटिंग करताना: ट्रिगर सिलेक्टर फ्रेम स्टार्टवर, ट्रिगर मोड ऑन, सोर्स लाइन १, चढती कड, एक्स्पोजर मोड टाइम्ड. ट्रिगर-विड्थ मोडचा मोह नको. त्यात ऑप्टोचा सावकाश बंद होणारा वेळ एक्स्पोजरमध्ये मिसळतो आणि चार कॅमेऱ्यांचा उजेड चार तऱ्हेचा येतो. ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो गेन बंद.

तापीकाठचा

अर्धवट फोटोचं कारण नेटवर्कमध्ये आहे.

पूर्ण फोटो ५.०१ मेगाबाइट. गिगाबिट लाइनवर प्रत्यक्षात सेकंदाला ११५ मेगाबाइटच्या आसपास जातात, म्हणजे एका फोटोला सुमारे ४४ मिलीसेकंद, चौघांना १७४. ४० सेंमीच्या नळीला तुमच्याकडे २०० आहेत, कसंबसं बसतं. ३० सेंमीला १५० आहेत, बसतच नाही.

पण त्याआधीच गाडी अडते. चारही कॅमेरे एकदम बोलायला लागतात, चार गिगाबिट स्विचमध्ये येतात आणि बाहेर जायला एकच गिगाबिट. उरलेलं स्विचने पोटात ठेवायचं, आणि साध्या स्विचला तेवढं पोट नसतं. पॅकेट पडतात. कॅमेरा ती पुन्हा पाठवतो, त्याने गर्दी आणखी वाढते. शेवटी अर्धा फोटो येतो. ट्रिगर जितका नेमका, तितका हा घोळ मोठा. फ्री-रनमध्ये (ट्रिगरशिवाय सतत फोटो) कॅमेरे आपोआप पुढेमागे असतात म्हणून तिथे सगळं छान दिसतं.

सगळ्यात स्वस्त उपाय चौकट कापणं. नळी १६ मिमी, उंचीत २०४८ ओळी हव्यात कशाला? ८०० ओळी घेतल्या तर १९.६ मिमी दिसतं, नळीच्या वर-खाली पावणेदोन मिमी मोकळं. नळी डगमगत असेल तर कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना गाइड रोलर. फोटो झाला १.९६ मेगाबाइट, चौघांचे मिळून ७.८, एकामागे एक पाठवायला ६८ मिलीसेकंद. ३० सेंमीची नळीही आरामात.

मग इंटर-पॅकेट डिले, म्हणजे दोन पॅकेटमधली सुट्टी. पॅकेट ८१९२ बाइटचं धरलं तर ते तारेवर ६६ मायक्रोसेकंद घेतं. प्रत्येक पॅकेटनंतर सुमारे २२० मायक्रोसेकंदांची सुट्टी दिली की एक कॅमेरा साधारण पाव रस्ता वापरतो आणि स्विचला काही साठवावं लागत नाही. हा आकडा बऱ्याच कॅमेऱ्यांत टिकमध्ये भरायचा असतो, मायक्रोसेकंदात नाही. एका टिकचा कालावधी मॅन्युअलमध्ये बघून भागाकार करा. जम्बो फ्रेम (मोठ्या पॅकेटची सोय) पीसीच्या कार्डवर, स्विचवर आणि कॅमेऱ्यावर, तिन्हीकडे चालू हवी.

खर्चाची तयारी असेल तर स्विच काढून पीसीत चार पोर्टचं पीओई कार्ड टाका. प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःचा रस्ता, वरचा हिशेबच नको. माझं मत विचाराल तर नव्या मशीनला हेच.

ठिबकवाला_१६मिमी

८०० ओळी केल्या, डिले भरला. काळी पट्टी गेली. ट्रान्झिस्टर कार्ड आणि एन्कोडरही लागला, भोक आता मधोमध येतं. पण कॅमेरा ३ मागे पडणं चालूच आहे, दोन तासांऐवजी पाळीत एकदा.

वरणबट्टी

बठ्ठा लोचा आठेच शे. तुमचा प्रोग्राम फोटो जुळवतो कशावरून? प्रत्येक कॅमेऱ्याच्या रांगेतला पहिला उचलायचा आणि चार झाले की एक संच, असंच ना?

ठिबकवाला_१६मिमी

हो. फ्रेम आयडीपण तपासतो, चौघांचा सारखाच असतो.

वरणबट्टी

तिथेच फसलात. फ्रेम आयडी घेतलेले फोटो मोजतो, आलेले ट्रिगर मोजत नाही. कॅमेरा ३ ने एक ट्रिगर गिळला तर त्याचा आयडी वाढतच नाही. पुढच्या ड्रिपरला त्याला तोच नंबर मिळतो जो बाकीच्यांना मागच्या ड्रिपरला मिळाला होता. नंबर जुळतात, माल जुळत नाही. आणि एकदा घसरलं की पाळी संपेपर्यंत घसरलेलंच.

इलाज: कॅमेऱ्यातला काउंटर ट्रिगर लाइनच्या कडा मोजायला लावा, आणि चंक डेटा (फोटोला जोडून येणारी माहिती) चालू करून तो आकडा प्रत्येक फोटोसोबत मागवा. जुळणी त्यावर. गिळलेला ट्रिगरही मोजला जातो, म्हणून एका आकड्याचा खड्डा दिसतो, त्या ड्रिपरचा संच अपुरा म्हणून बाजूला टाकता येतो आणि पुढचा आपोआप जागेवर.

सुरुवातीचा क्रम महत्त्वाचा. आधी पीएलसीत ट्रिगर रोखा. मग चारही कॅमेऱ्यांचे काउंटर शून्य करा, चौघांचं ॲक्विझिशन सुरू करा, चौघे तयार असल्याची खूण पीसीने पीएलसीला द्यावी, आणि मग ट्रिगर सोडा. चालत्या ट्रिगरवर कॅमेरे एकेक करून सुरू केले तर पहिल्या सेकंदापासूनच वाकडं.

फोटो घेण्याची पद्धत "फक्त ताजा फोटो" अशी असेल तर तीही बदला. पीसी क्षणभर गुंतला की ती जुना फोटो गुपचूप फेकते. सगळे फोटो क्रमाने, बफर प्रत्येकी निदान १०.

शेवभाजी

टाइमस्टँपवरून जुळवलं तर? पीटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारी सोय) आहे की कॅमेऱ्यात.

तापीकाठचा

पीटीपी चालू असेल तर उत्तम. आयईईई १५८८ ने चौघांची घड्याळं मायक्रोसेकंदाच्या पातळीवर जुळतात. साध्या स्विचवर गर्दीत थोडी ढिली पडतात, पण इथे दोन ड्रिपरमध्ये निदान १५० मिलीसेकंद आहेत, ५ मिलीसेकंदांच्या आत आलेले चार फोटो एका संचाचे म्हणायला काय हरकत? काउंटर आणि टाइमस्टँप दोन्ही तपासा.

पीटीपी बंद ठेवून टाइमस्टँप जुळवू नका. प्रत्येक घड्याळ आपापल्या क्रिस्टलवर चालतं. दोन क्रिस्टलमध्ये दहा लाखात ५० चा फरक धरला तरी तासाला १८० मिलीसेकंद होतात, म्हणजे जवळजवळ एक ड्रिपर. तासाभराने एक ड्रिपर मागे, हे लक्षण वरच्यासारखंच दिसेल आणि तुम्ही वायर तपासत बसाल.

पीटीपीवरून शेड्यूल्ड ॲक्शन कमांड (ठरलेल्या वेळी फोटो काढण्याचा नेटवर्कवरचा हुकूम) पाठवून वायरच काढून टाकता येते, हेही लोक सुचवतात. खोलीत ठेवलेल्या स्थिर मांडणीला छान. इथे ड्रिपर केव्हा पोहोचणार ते एन्कोडरलाच ठाऊक, आणि वेग मध्येच बदलतो. वायरच बरी.

ठिबकवाला_१६मिमी

समजलं. पण ३ नंबरच का गिळतो? बाकीचे नाही गिळत.

चोवीस_व्होल्ट

तो कुठे बसलाय? त्याची केबल कुठून जाते?

ठिबकवाला_१६मिमी

खालच्या बाजूला. ट्रिगर केबल हॉल-ऑफच्या (नळी ओढणाऱ्या मशीनच्या) ड्राइव्हच्या मोटर केबलसोबत एकाच ट्रेमधून.

चोवीस_व्होल्ट

मग सापडलं म्हणा. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलमधून विजेचे टोचे उडतात. खोट्या कडेवर कॅमेरा फोटो काढायला घेतो, तो अजून गुंतलेला असताना खरा ट्रिगर येतो आणि वाया जातो. तुमच्या लॉगमध्ये ३ नंबरचा मागच्या फोटोपासूनचा वेळ कधी २०० ऐवजी ७०-८० दिसतो का बघा.

केबल वेगळ्या ट्रेमध्ये, निदान ३० सेंमी लांब, छेदायचीच असेल तर काटकोनात. पिळाची शील्डवाली जोडी, शील्डला अर्थिंग फक्त पॅनेलच्या टोकाला. त्यानंतर डिबाउन्सर (ठरवल्यापेक्षा छोट्या पल्सकडे दुर्लक्ष करणारी सेटिंग) २० मायक्रोसेकंद, चारही कॅमेऱ्यांना सारखाच, कारण डिबाउन्सर जेवढा तेवढा ट्रिगरला उशीर होतो. एकट्या तिसऱ्याला लावू नका. पल्स तुमची ५०० मायक्रोसेकंदांची आहे, ती डिबाउन्सरमधून आरामात पार होते. काही जण ५० मायक्रोसेकंदांची पल्स देऊन डिबाउन्सर १०० करतात आणि मग म्हणतात कॅमेरा मेला.

पांझराकाठ

तपासायला ऑसिलोस्कोप नसेल तर ८ चॅनेलचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर पुरतो. २४ मेगाहर्ट्झवर एक नमुना ४२ नॅनोसेकंदांचा, आपल्याला मायक्रोसेकंद बघायचेत. चारही कॅमेऱ्यांचं एक्स्पोजर-ॲक्टिव्ह आउटपुट ५ व्होल्टला १ किलोओमचा पुल-अप देऊन चार चॅनेलला, पाचव्याला ट्रिगर. ट्रिगर २४ व्होल्टचा आहे, तो थेट लावला तर ॲनालायझर जळेल. १० किलोओम आणि २.२ किलोओमचा विभाजक लावा, ४.३ व्होल्ट मिळतात. स्ट्रोब कंट्रोलर त्याच आउटपुटवर असेल तर तपासणीपुरता सोडवा.

१ आणि २ ची कड एकमेकींपासून काही मायक्रोसेकंदांत हवी, ३ आणि ४ ची त्यानंतर १०० ने. हॉल-ऑफ चालू-बंद करून १० मिनिटं रेकॉर्ड करा. पाचव्या चॅनेलवर पल्स नसताना एखादं एक्स्पोजर दिसलं तर टोचा अजून येतोय.

आणखी एक, उन्हाळ्याआधी. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात एक्स्ट्रूडरच्या शेजारी बंद डब्यात कॅमेरा. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या कवचाची मर्यादा ५० अंशांच्या आसपास असते. काही मॉडेल तापले की स्वतःहून फोटो घेणं थांबवतात, ते अगदी ट्रिगर गिळल्यासारखंच दिसतं. कॅमेरा ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर घट्ट बसवा, मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा नको, आणि कॅमेऱ्याच्या आतलं तापमान दर मिनिटाला लॉगमध्ये लिहा.

ठिबकवाला_१६मिमी

लॉग पाहिला. ३ नंबरला आज १४ ठिकाणी २०० ऐवजी ६० ते ९० मिलीसेकंदांचं अंतर, बहुतेक हॉल-ऑफचा वेग बदलताना. केबल रविवारी लाइन बंद असताना हलवतो. तोवर डिबाउन्सर चारहींना २० केलाय आणि जुळणी काउंटरवर आणलीय. शील्ड दोन्ही टोकांना अर्थ होती, कॅमेऱ्याकडची सोडवली.

चोवीस_व्होल्ट

सोडवलेल्या टोकावर हीट-श्रिंक घाला, नाहीतर ते डब्याला टेकेल आणि पुन्हा तेच.